दुपारची गोळी

रमजान लागला की घराघरांतल्या भिंतींवर वेळापत्रक चिकटते. सेहरी कधी संपणार, इफ्तार कधी, रोज एखादा मिनिट पुढेमागे सरकणारे. एक मशिदीच्या कमिटीचे, एक कापड दुकानाचे, आणि निवडणूक जवळ असली तर एक इच्छुक उमेदवाराच्या फोटोसहित. आमच्या घरी यंदा तिन्ही आहेत. या कागदाशेजारी डॉक्टरांनी लिहून दिलेला औषधाचा कागद मात्र क्वचितच कुणी लावतो. आणि त्या दोन कागदांवरच्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत, हे आपल्या लक्षात येते ते कुणीतरी पडल्यावर.

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी काही वर्षांपूर्वी अशीच पडली. अकरावीत होती. अस्रची नमाज झाली होती, इफ्तारची भजी कढईत होती, आणि झारा हातात असतानाच तिला फिट आली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. लोक म्हणाले, रोज्याने चक्कर आली. तिच्या आईने तेव्हा काही सांगितले नाही. दोन दिवसांनी इस्पितळात तिच्या उशाशी बसलेली असताना ती माझ्या बायकोला हळूच म्हणाली, “भाभी, तिला लहानपणापासून गोळ्या चालू आहेत. सकाळी नऊची एक, रात्री नऊची एक. रोज्यामुळे सकाळची बंद केली होती. रात्रीची घेत होती ना!”

या वाक्यावर मी तेव्हापासून विचार करतो आहे. त्या माउलीने निष्काळजीपणा केला असे मला वाटत नाही. तिला वाटले, औषध अर्धे का होईना चालू आहे. मुलीला वाटले, मैत्रिणी रोजे ठेवतात, मग आपणच का नाही. आणि दोघींनाही हे कुणाला विचारता आले नाही, कारण विचारले की आजार कळतो, आणि आजार कळला की लग्नाची बोलणी थांबतात.

फिटच्या औषधाचे काम तापाच्या गोळीसारखे नसते. ताप आला, गोळी घेतली, ताप उतरला, इतके सोपे ते नाही. मेंदूतल्या पेशींचे एकमेकींना इशारे देणे एकाएकी बेलगाम होते तेव्हा फिट येते. औषध रक्तात एका ठरावीक पातळीला सतत राहिले तरच तो लगाम टिकतो. पातळी खाली गेली की लगाम सुटतो. एकदम बंद केले तर कधीकधी आधीपेक्षाही जोराने सुटतो. प्रत्येक औषध शरीरात किती वेळ टिकते याचा हिशेब वेगळा आहे. फिनोबार्बिटोन 1912 पासून वापरात आहे. ते इतके सावकाश ओसरते की त्याची पातळी निम्मी व्हायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून ते रात्री एकदा घेतले तरी चालते. लेव्हेटिरासिटाम हे आज सर्रास दिले जाणारे औषध सहा ते आठ तासांत निम्मे होते. गॅबापेंटिन पाच ते सात तासांत. म्हणजे शेजारच्या चाचा रात्रीच्या एका गोळीवर तीसही रोजे सुखरूप पार पाडतात म्हणून आपल्यालाही ते जमेल असे नाही. चाचांची गोळी वेगळी, आपली वेगळी.

आपल्याकडे या दिवसांत रोजा साधारण तेरा तासांचा होतो. दिवसातून दोनदा औषध घेणाऱ्याने एक गोळी इफ्तारला आणि दुसरी सेहरीला घेतली तर मधले अंतर बारा-बारा तासांऐवजी दहा-अकरा आणि तेरा-चौदा तासांचे होते. बऱ्याच जणांना, फिट चांगली आटोक्यात असेल तर, हे चालू शकते. काहींना डॉक्टर त्याच औषधाची सावकाश विरघळणारी गोळी बदलून देतात. पण हे ठरवायचे शाबानमध्ये, रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी. बदललेले औषध अंगवळणी पडायला आणि चुकले तर दुरुस्त करायला तेवढा वेळ लागतोच. चंद्र दिसल्यावर रात्री अकरा वाजता औषध दुकानदाराला विचारून हे ठरत नाही.

खरी अडचण आहे ती दुपारच्या गोळीची. दिवसातून तीनदा औषध असलेली माणसे काय करतात, हे मी यंदा मुद्दाम विचारत फिरलो. कुणी दुपारची सोडून देतो. कुणी, आणि हे जास्त धोक्याचे, दुपारची आणि संध्याकाळची इफ्तारला एकदमच घेतो. “हिशेब पुरा झाला पाहिजे,” असे एका गृहस्थांनी मला सांगितले. ते दुकानदार आहेत, हिशेबाचे पक्के. पण शरीर वही ठेवत नाही. दोन मात्रा एकदम गेल्या की डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागते, पाय लटपटतात, माणूस तरावीहला उभा राहतो आणि सजद्यातून उठताना तोल जाऊन पडतो. फेनिटोइनच्या बाबतीत तर आणखी एक खोच आहे. एका मर्यादेनंतर यकृताची ते पचवण्याची क्षमता संपते, आणि मात्रा थोडीशी वाढली तरी रक्तातली पातळी कितीतरी पट वर उडी मारते.

आता धर्माचे. मी मौलवी नाही, पण हा मुद्दा इतका उघड आहे की त्यासाठी मौलवी असण्याची गरज नाही. सूरह बकरामध्ये ज्या आयतींनी रोजे फर्ज केले, त्याच आयतींमध्ये, लगोलग, आजारी आणि प्रवासी यांना सूट दिली आहे. त्यांनी नंतर, इतर दिवशी, तेवढे रोजे पुरे करावेत. ज्याला तेही झेपणार नाही, त्याने गरिबाला जेवू घालावे. अल्लाहला तुमची सोय हवी आहे, अडचण नको, हा खुलासाही तिथेच केलेला आहे. सवलत ही मागून, नाइलाजाने जोडलेली पळवाट नाही. ती हुकुमाबरोबरच आलेली आहे. जाणकार आणि विश्वासू वैद्याचे मत किंवा रुग्णाचा स्वतःचा अनुभव हा त्यासाठी आधार धरावा, असे फिकहची पुस्तके सांगतात. ज्या रुग्णाला गोळी एकदोन महिन्यांनी बंद होण्याची आशा आहे त्याने कजा करावी. आयुष्यभराची गोळी आणि दुपारची मात्रा टळणारी नसेल त्याने फिद्या द्यावा. फिद्या दिला म्हणजे काही कमी केले, असे समजणारे समाजात आहेत. ते आपले मत कुठल्या पुस्तकातून आणतात हे मला कळलेले नाही.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत एका स्त्रीची हकिकत आहे. तिला फिट येत. ती पैगंबरांकडे (स.) आली, आपला आजार स्पष्ट शब्दांत सांगितला आणि दुआ मागितली. सबर केलास तर जन्नत, आणि हवे तर बरे होण्यासाठी दुआ करतो, असे तिला सांगण्यात आले. तिने सबर निवडला. पण एक मागणे मागितले. फिट येते तेव्हा माझे अंग उघडे पडते, ते पडू नये एवढी दुआ करा. ती दुआ केली गेली. या हकिकतीचा आधार घेऊन काही जण म्हणतात, बघा, सबर औषधापेक्षा श्रेष्ठ. तिथे निवड सबर आणि दुआ यांतली होती, गोळीचा प्रश्नच नव्हता. आणि इलाज करा, कारण प्रत्येक आजाराचा इलाज निर्माण केलेला आहे, हेही पैगंबरांनीच सांगितलेले आहे. मला या हकिकतीत भिडते ती गोष्ट दुसरीच. त्या बाईला आजाराची लाज नव्हती. चौदाशे वर्षांपूर्वी तिने तो लोकांदेखत सांगितला. तिला काळजी होती ती बेशुद्धीतल्या अब्रूची. आज फिट आलेल्या बाईभोवती जमणारी गर्दी, आणि मोबाइल काढणारी पोरे, तिच्या त्या एका मागण्याचा विचार करतील तर बरे.

गर्दीचा विषय निघालाच आहे. कांदा हुंगवू नका. चप्पल हुंगवू नका. मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबू नका. दातांमध्ये चमचा तर मुळीच घालू नका, दात तुटतात आणि तुकडा श्वासनलिकेत जातो. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, गळ्याशी आवळलेले काही असेल तर सैल करा आणि घड्याळ बघा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर 108 ला फोन. तोंडात पाणी ओतू नका, पुरता शुद्धीवर येईपर्यंत खजूरही नको. “रोजा आहे, घशाला कोरड पडली असेल,” म्हणून अर्धवट शुद्धीतल्या माणसाला सरबत पाजणारे मी पाहिलेले आहेत.

त्या मुलीच्या निमित्ताने इस्पितळात चार दिवस ये-जा झाली, आणि तिथल्या एका सिस्टरांकडून मी बरेच शिकलो. बाई हिंदू, नोकरीला वीस वर्षे झालेली. रमजानात औषधांच्या फेरीला त्या एक प्रश्न हमखास विचारत, आणि विचारण्याची पद्धत अशी की समोरच्याला खोटे बोलावेसे वाटू नये. “रोजा आहे का तुमचा? असला तर सांगा, मी रागावणार नाही.” कारण विचारले नाही तर काय होते हे त्यांनी पाहिले होते. दुपारी दोनची गोळी रुग्ण हातात घेतो, हो म्हणतो, आणि ती उशीखाली जाते. कागदावर ‘दिली’ अशी खूण होते. रात्री फिट येते. डॉक्टरांना वाटते औषध लागू पडत नाही, आणि मात्रा वाढवली जाते. आता रोजा सुटल्यावर जास्तीची मात्रा पोटात जाते. एका उशीखालच्या गोळीतून इतके सगळे होते.

त्याच वॉर्डात मी एक प्रसंग पाहिला. फिटमागून फिट येणाऱ्या एका तरुणाला आणले होते. त्यानेही गोळ्या सोडलेल्या. नातेवाईक ओरडत होते, “रोज्याने अशक्तपणा आलाय, ग्लुकोज लावा, जोरात सोडा!” सिस्टरांनी आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहिली. ती ठीक होती. मग फेनिटोइनचे इंजेक्शन साध्या मिठाच्या सलाइनमध्ये मिसळले, कारण ग्लुकोजमध्ये ते साखळते, त्याचे कण होतात. आणि ते सावकाश सोडले. मोठ्या माणसालाही मिनिटाला 50 मिलिग्रॅमच्या वर नाही, नाहीतर रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात. एक डोळा मॉनिटरवर, एक सुई टोचलेल्या हातावर, कारण हे औषध शिरेबाहेर झिरपले तर कातडी आणि खालचे मांस जाळते. नातेवाइकांना वाटत होते, बाई मुद्दाम हळू करतायत. त्यांच्यातला एक जण तर नको ते बोलला. त्या काही बोलल्या नाहीत, नळीवरून नजरही हटवली नाही. अर्ध्या तासाने मुलगा शांत झाला तेव्हा त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “आता बोला, काय म्हणत होता?”

इंजेक्शनने किंवा तपासणीसाठी रक्त दिल्याने रोजा तुटतो का, असे पुष्कळ जण विचारतात. 1997 साली जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने यावर ठराव केला. त्यानुसार औषधाच्या इंजेक्शनने आणि तपासणीचे रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, पोषणासाठी दिलेल्या सलाइनने तुटतो. तेव्हा औषधाची पातळी किंवा साखर तपासायला इफ्तारपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आणि फिट चालू असताना तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा जीव वाचवायचा, रोज्याचे नंतर बघता येते.

ही औषधे फक्त फिटसाठी नसतात, हे मला आईमुळे कळले. तिला तीस वर्षांची शुगर. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, चादरीचा स्पर्श सोसवत नाही. डॉक्टरांनी प्रिगॅबालिन दिले. नातवाने मोबाइलवर पाहून जाहीर केले, “दादी, ही तर मिरगीची गोळी आहे!” आईने ती गोळी त्या दिवसापासून बंद केली आणि डॉक्टरांबद्दल जे बोलली ते इथे छापता येणार नाही. मेंदूतल्या पेशी बेलगाम होतात त्याच जातीची गडबड दुखावलेल्या नसांमध्येही होते, म्हणून एकच औषध दोन्हीकडे चालते, हे तिला पटवायला आठवडा गेला. कार्बामाझेपिन तर 1960 च्या दशकात फिटइतकेच चेहऱ्याच्या नसेच्या त्या विजेसारख्या चमकेवर नावाजले गेले. गॅबापेंटिन अमेरिकेत 1993 मध्ये फिटसाठी मान्य झाले आणि 2002 मध्ये नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या आगीसाठी. या नसांच्या दुखण्याच्या रुग्णांना वाटते, आपल्याला काही फिट येत नाही, मग महिनाभर गोळी बंद केली तर काय बिघडले? बिघडते. एकदम बंद केल्यावर झोप उडते, घाम सुटतो, जीव घाबरा होतो, दुखणे दुप्पट होऊन परत येते. कमी करायचीच तर डॉक्टर पायरीपायरीने करतात. म्हाताऱ्या माणसांचे मूत्रपिंड मंदावलेले असते आणि ही दोन्ही औषधे लघवीवाटे बाहेर जातात, त्यामुळे रोज्यात पाणी कमी पडले की गुंगी वाढते. सेहरीला उठताना भिंतीला धरून उठावे, बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवावा.

दोन बारीक गोष्टी, पण रमजानच्याच. इफ्तारच्या तळणाने छातीत जळजळ होते, मग पित्ताचे औषध घेतले जाते. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे हे पातळ औषध फेनिटोइन आणि गॅबापेंटिन या दोन्हींना शरीरात नीट शोषू देत नाही. मध्ये दोन तासांचे अंतर हवे. आणि ज्या गोळीच्या नावापुढे सीआर, ईआर अशी अक्षरे असतात ती सेहरीच्या घाईत चुरून किंवा चावून घ्यायची नसते. दिवसभर सावकाश सुटण्यासाठी केलेले औषध एकदम सुटते.

लहान मुलांना रोजा फर्ज नाही, पण पहिल्या रोज्याचा हट्ट मूल धरतेच, आणि रोजा-कुशाईच्या कौतुकात फुलांच्या हारांखाली त्याची औषधाची वेळ हरवते. सरबतासारखे पातळ औषध असेल तर बाटली दर वेळी नीट हलवावी. नाहीतर वरवरचे औषध फिके आणि तळाचे जहाल होते, आणि महिनाअखेरीला मूल गुंगीत जाते.

झोप हा सगळ्यांत मोठा मुद्दा, आणि त्यावर कुणीच बोलत नाही. झोप मोडणे हे फिट येण्याचे एक ठरलेले कारण आहे. तरावीह, मग गप्पा, मग बाजार, मग सेहरी, असे करून रमजानात रात्री तीन तास झोपणारी तरुण मुले मी रोज पाहतो. गोळी वेळेवर घेऊनही अशा माणसाला फिट येऊ शकते. ज्याला हा आजार आहे त्याने तरावीहनंतर सरळ घरी यावे, दुपारी झोपावे, आणि घरच्यांनी त्याला आळशी म्हणू नये.

हे वाचून माझे हिंदू मित्र मनात म्हणत असतील, हा तुमच्यातला प्रश्न. तसे नाही. निर्जळी एकादशी, नवरात्राचे कडक उपास, हरतालिका, जैन बांधवांचे पर्युषण, या दिवसांत सकाळची गोळी टळलेले किती रुग्ण येतात ते त्याच सिस्टरांना विचारा. आणि लपवण्याच्या बाबतीत तर आपण सगळे एकाच जातीचे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे विवाह रद्द करण्याचे कारण होते. ते 1999 मध्ये काढून टाकले गेले. कायदा सुधारला, पण स्थळ पाहणाऱ्यांचे डोळे सुधारले नाहीत, तुमच्याकडेही आणि आमच्याकडेही. एकाकडे भूतबाधा, दुसऱ्याकडे साया. दर्ग्यावर धागा बांधायला दोघेही येतात. बांधा, माझे काही म्हणणे नाही, फक्त येताना गोळी घेऊन या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे, आपल्या देशात एक कोटीहून अधिक. नीट औषध मिळाले तर दहापैकी सात जण फिटशिवाय जगू शकतात. आपल्या वॉर्डात, आपल्या गल्लीत ते आहेतच. सून नव्या घरी आली की तिच्या गोळ्या कपाटाच्या तळाशी जातात. दिवस गेल्याचे कळले की त्या फेकूनही दिल्या जातात. यातली काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गरोदरपणात बाळाला घातक असतात हे खरे. म्हणूनच लग्न ठरतानाच डॉक्टरांशी बोलून ती बदलायची असतात. ऐन वेळी मनाने बंद केली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते.

मला डॉक्टरांविषयीही एक सांगायचे आहे. “रोजे सोडा” एवढे दोन शब्द उच्चारून पुढच्या रुग्णाकडे वळणारे डॉक्टर मला भेटलेले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण असे ऐकून घरी गेलेला रुग्ण रोजा सोडत नाही, तो डॉक्टर सोडतो. दोन मिनिटे जास्त देऊन, कोणती गोळी कधी, कोणती टळणार नाही, आणि या माणसाने रोजा ठेवावा की नाही हे नीट सांगितले, तर तो ऐकतो. आमच्या इमामसाहेबांना मी गेल्या वर्षी विनंती केली होती की शाबानच्या शेवटच्या जुम्याला खुतब्याआधी याविषयी चार वाक्ये बोलावीत. त्यांनी चारच्या जागी दहा मिनिटे घेतली. नमाजनंतर तीन माणसे बाजूला येऊन त्यांना भेटली. तिघांनीही आवाज खाली करून विचारले. त्यांतला एक रिक्षा चालवतो. फिट येत असताना वाहन चालवू नये, हे त्याला त्या दिवशी प्रथमच कुणी सांगितले. त्याने रिक्षा सोडली नाही अजून. घर कसे चालवू, या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, इमामसाहेबांकडेही नव्हते. जमातीच्या बैतुलमालमधून त्याला छोटे दुकान टाकून देता येईल का, यावर कमिटीत दोन बैठका झाल्या आहेत, तिसरी ईदनंतर आहे.

आणि ईदचे राहिलेच. चाँदरातीला बाजार पहाटेपर्यंत जागा असतो. महिनाभर सेहरी-इफ्तारच्या वेळेला बसवलेली गोळी दुसऱ्या दिवशी एकदम जुन्या वेळेवर आणताना पुन्हा तीच गल्लत होते. कुणी मधली गोळी विसरतो, कुणी दोन घेतो. परत जुन्या वेळेवर कसे यायचे हेही रमजानआधीच, त्याच कागदावर लिहून घ्यावे. ती मुलगी आता बीएला आहे. तिची दुपारची गोळी नव्याने सुरू झाली आहे, आणि रोज्यांचा फिद्या तिचे वडील पहिल्या आठवड्यातच देतात. भजी आता तिचा भाऊ तळतो.